उसनी जीभ

मेश्रामने बिअरचा थेंब कधी जिभेला लावला नव्हता, आणि वुडलँड्समधल्या आमच्या ब्लॉकमध्ये त्याच्याइतकी बिअर दुसऱ्या कुणी केली नव्हती. यातलं दुसरं वाक्य अजून खरं आहे. पहिलं खरं राहिलं नाही, आणि ते माझ्यामुळे. तो आता सिंगापूर सोडून नागपूरला परत गेला आहे, त्यामुळे हे लिहायला मला थोडं सोपं जातंय. तो वरच्या मजल्यावर असता तर लिहिलं नसतं, हेही सांगून टाकतो.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. लिफ्टमध्ये आधी एक जुना फ्रिज होता, मग त्या फ्रिजला मिठी मारून उभा असलेला एक बुटका, रुंद कपाळाचा माणूस होता, आणि उरलेल्या फटीत मी शिरलो होतो. तो खांद्यात फोन धरून बोलत होता. "झोपवला नाही न बाप्पा! उभाच आणून राहिलो!"

मराठी ऐकून मी विचारलं, "आपण कुठले?"

"नागपूर. तुम्ही पुण्याचे."

"कसं ओळखलंत?"

"एवढा फ्रिज अंगावर आला, तरी तुम्ही 'सरका' नाही म्हणून राहिले. नुसतं तोंड वाकडं करून राहिले."

मग आपल्याकडे जो प्रश्न विचारतात तो मी विचारला. आडनाव काय? "मेश्राम," तो म्हणाला. माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, "झालं समाधान? आता माझा प्रश्न. तुम्ही पिता का?"

"कधीतरी. म्हणजे सोशली."

"म्हणजे पिता. चांगलं झालं. मला जिभेचा माणूस पाहिजेच होता."

विलास मेश्राम औषधांसाठी शीतगृहं उभारणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. पंचशील पाळणारा बौद्ध घरातला माणूस. दारू सोडली वगैरे भानगड नाही, कधी धरलीच नव्हती. मग बिअर कशाला करायची? मी विचारलं तेव्हा तो फ्रिजचे कप्पे बाहेर काढत होता.

"आयुष्यभर मुक्या वस्तू थंड ठेवल्या मी. औषधाची बाटली स्वतःहून तापत नाही. यीस्ट तापते. साखर खाते, बुडबुडे सोडते अन् स्वतःच गरम होते. जे आतून तापून राहिलं त्याला थंड ठेवून दाखवायचं. यात गंमत आहे का नाही?"

"पण पाचवं शील?"

"पिऊ नका असं आहे. धंदा करू नका हेही आहे. मी पितही नाही, विकतही नाही. अन् पुणेकर, हे तुम्ही मला शिकवून राहिले?"

मी गप्प बसलो. तसा मी गप्प बसण्यात वाकबगार आहे.

इथे घरी स्वतःपुरती बिअर करायला बंदी नाही. अडचण हवेची. खोलीत ठेवलेल्या बादलीतलं यीस्ट इथल्या उकाड्यात चेकाळतं. मेश्रामच्या शब्दांत, "चिडलेला माणूस काम भराभर करते, पण वास सोडते." म्हणून त्याला हवी होती एक अशी पेटी, जी बाहेर काहीही असो, आत पुण्याचा डिसेंबर ठेवील. स्वयंपाकघराच्या टोकाला कपडे धुण्याची जागा असते, तिथे तो फ्रिज उभा राहिला. सुजाता वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "एका फ्रिजात भाजी, दुसऱ्यात माझी सवत."

फ्रिजचं स्वतःचं डोकं फार थंड. ते बाजूला ठेवून मेश्रामने त्याला दुसरं डोकं बसवलं. एक छोटी डबी, तिच्यातून निघालेली लांब वायर, आणि वायरीच्या टोकाला तापमान मोजणारं धातूचं बोट. बोट सांगेल तशी डबी फ्रिजची वीज चालू-बंद करणार. पहिल्या वेळी ते बोट आत हवेत लोंबकळत ठेवलं. डबीवर पाहिजे तो आकडा दिसत होता, तरी मेश्राम अस्वस्थ. शेवटी त्याने दार उघडलं आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा बादलीवर हात ठेवला.

"हे पाय," तो म्हणाला; नागपुरी 'पाय' म्हणजे पाहा. "हवा गार आहे, अन् हा आतून तापून राहिला. आपण पेशंट सोडून खोलीचा ताप घेऊन राहिलो होतो न!"

मग ते बोट बादलीच्या अंगाला चिकटवलं आणि त्याला फ्रिजची हवा लागू नये म्हणून वरून जाड स्पंजासारखा तुकडा लावला. तो तुकडा वहिनींच्या योगा मॅटचा होता, हे वहिनींना दुसऱ्या दिवशी कळलं. "कापायचंच होतं तर कोपरा कापायचा! शवासनात माझं डोकं येतं नेमकं तिथे खिडकी केलीय यांनी."

डबी दर थोड्या वेळाने फ्रिज चालू-बंद करायला लागली तेव्हा मेश्रामने तिला थांबायला शिकवलं. एकदा बंद झाला की काही वेळ चालू व्हायचंच नाही. "जिना चढून आलेल्या माणसाला तुम्ही लगेच परत खाली पिटाळता का? कंप्रेसरलाही दम खाऊ द्या." यंत्रांविषयी तो नेहमी असा बोलायचा, आणि माणसांविषयी यंत्रांसारखा. त्याच्या शेजारचे अंकल लिम यांच्याबद्दल त्याचं मत होतं, "माणूस मजबूत आहे, फक्त आवाज करते."

तो काही लिहून ठेवत नसे. कुठल्या खेपेला किती थंड ठेवलं, बाटल्या कधी भरल्या, सगळं डोक्यात. मी एकदा म्हटलं, एक एक्सेल शीट करून देतो. त्यावर म्हणाला, "लिहिलं की डोकं सुटीवर जाते."

माझं काम रविवारी दुपारी असायचं. मेश्रामला लहानपणापासून सर्दी. वास असा त्याला येतच नसे. "माझं नाक चष्मा ठेवायला दिलं आहे," असं तो म्हणायचा. म्हणजे जीभ शीलामुळे बंद आणि नाक लहानपणापासून बंद. दोन्ही माझ्याकडून उसनी घ्यायची. तो ग्लास भरायचा, माझ्यासमोर ठेवायचा आणि स्टूल ओढून इतका जवळ बसायचा की मला घोट घेणं अवघड व्हावं.

पहिल्या खेपेला मी म्हणालो, "छान आहे."

"या घरात तो शब्द चालत नाही. छान म्हणजे काय? छान म्हणजे 'मला आता घरी जायचं आहे'. कशासारखं लागते ते सांगा."

मी पुन्हा घोट घेतला. खूप विचार करून म्हणालो, "पिकलेलं केळं. साल काळी पडलेलं."

त्याने टाळी वाजवली. "केळं! म्हणजे पहिल्याच दिवशी तापला होता. बोट लावायच्या आधी. सुजाता, केळं निघालं!"

"निघू द्या," वहिनी आतून म्हणाल्या. त्यांना त्या बादलीच्या वासानेच मळमळायचं.

पुढच्या एका खेपेला भिजलेला पुठ्ठा निघाला. म्हणजे बाटल्या भरताना हवा शिरली होती. त्याने नळी बदलली. मग एका रविवारी मी घोट घेऊन बराच वेळ बसून राहिलो आणि म्हणालो, "काही खुपत नाही. पावाची भाजलेली कड असते ना, तशी." मेश्राम उठून खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा गेला. "पावाची कड," एवढंच म्हणत राहिला. त्या दिवसापासून आम्ही अहो-जाहो सोडलं.

हे सांगताना मला माझ्याविषयी एक सांगावं लागेल. बायको पुण्यात, तिची नोकरी तिथे. मी इथे कंपनीने काढून दिलेल्या नोकरीच्या पासवर, भाड्याच्या खोलीत. ऑफिसात दिवसभर लोक मला विचारतात, पण कामाचं कुठवर आलं एवढंच. 'तुला हे कसं लागतं, नीट आठवून सांग,' असं मेश्रामच्या आधी मला कुणी विचारलं नव्हतं. आणि उत्तर ऐकायला इतकं पुढे झुकून कुणी बसलं नव्हतं.

मग मला कोविड झाला. सगळ्यांना होऊन गेला तसा साधाच, दोन दिवस ताप. ताप उतरला आणि वास गेला. मला ते कळलं दुधामुळे. मी पातेल्याशेजारी उभा राहून फोनवर बोलत होतो आणि दूध करपून काळं झालेलं दिसलं. दिसलं, वास नाही आला. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू एवढं कळत होतं. केळं नाही, पाव नाही, पुठ्ठा नाही.

येईल परत, म्हणून पहिल्या रविवारी मी काही बोललो नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. सांगितलं असतं तर मेश्रामने दुसरा माणूस शोधला असता आणि माझा रविवार गेला असता. याहून मोठं कारण मला आजही सापडत नाही.

पण गप्प बसून भागणार नव्हतं. छान म्हणायला बंदी. काहीतरी सांगायलाच हवं. म्हणून मी म्हणालो, "किंचित केळं."

"परत केळं?" मेश्रामने तापमान थोडं उतरवलं. पुढच्या खेपेला विचारलं, "गेलं?" एकदम गेलं म्हणणं मला खोटं वाटलं असतं. खोटं बोलणाऱ्यालाही असा विवेक असतो. "कमी झालंय, पण आहे."

त्याने आत छोटा पंखा बसवला. भिंतींना थर्मोकोल लावला. मग त्याला फ्रिजचाच संशय आला. सेरंगूनला कुणीतरी मोठा फ्रिज विकत होतं, तो आणायला आम्ही दोघं गेलो. त्या घराच्या पायऱ्यांवर मेश्राम खालच्या बाजूला होता आणि वरच्या बाजूला मी. त्याचा चेहरा लाल झाला होता, धाप लागली होती, आणि तो हसत म्हणाला, "हे केळं मला पायऱ्या उतरवून राहिलं, पुणेकर!" केळं नव्हतंच. मी फ्रिज घट्ट धरून उतरत राहिलो.

बादली आता इतकी थंड राहत होती की काम संपवतानाही यीस्टला ऊब मिळेना. खरं तर शेवटी त्याला थोडं सैल सोडायचं असतं, म्हणजे त्याने केलेला पसारा तेच आवरतं. नाहीतर बिअरमध्ये लोण्याचा वास राहतो. मेश्रामला हे ठाऊक होतं. पण त्याला केळ्याची भीती होती, आणि लोण्याचं मी कधी बोललो नव्हतो.

बोलल्या त्या वहिनी. एका रविवारी आतून म्हणाल्या, "आज लोणी कढवल्यासारखा वास येतोय का हो?"

मेश्रामने माझ्याकडे पाहिलं. मी घोट घेतला, डोळे मिटले, सगळं केलं. "नाही. लोणी नाही. पावाची कड आहे."

"तू तुझं तूप पाय," मेश्राम वहिनींना म्हणाला. वहिनी दारात येऊन माझ्याकडे बघत राहिल्या.

ती खेप अंकल लिमसाठी होती. त्यांच्या आणि मेश्रामच्या घरात एकच भिंत, आणि त्या भिंतीला टेकून फ्रिज घुरघुरायचा. अंकलनी कधी तक्रार केली नाही. डॉक्टरांनी त्यांची बिअर बंद केली होती, पण सत्तराव्या वाढदिवसाला आपण पिणारच असं त्यांनी सगळ्या मजल्याला जाहीर केलं होतं. मेश्रामने त्यांना शब्द दिला होता: त्या दिवशीची पहिली बिअर माझी. दुसऱ्या कुणाला तो बिअर देई तेव्हा सगळे "नाइस, नाइस" म्हणत. "फुकटाला नाइसच म्हणतात," तो मला म्हणाला होता. "तू हो म्हण, मग मी नेतो." आणि मी हो म्हणालो होतो.

ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत गोल टेबलं मांडली होती. अंकलचे भाऊ, मुलगे, जुने मित्र. मेश्राम इस्त्रीचा शर्ट घालून, बिअरचा जग दोन्ही हातांत धरून आला. अंकलनी ग्लास भरून घेतला, सगळ्यांना दाखवला, मोठा घोट घेतला आणि ग्लासात निरखून पाहिलं.

"मेश्राम, वाय लाइक पॉपकॉर्न वन?"

त्यांच्या भावाने चव घेतली. "बटर पॉपकॉर्न लाह! मूव्ही स्टार्ट ऑलरेडी?"

टेबल हसलं. वाईट कुणी नव्हतं. अंकलनी तो ग्लास पूर्ण संपवला, मेश्रामच्या पाठीवर थाप मारली, "नेव्हर माइंड, कॅन, कॅन," म्हणजे चालेल, चालेल, म्हणाले. मग बर्फातले डबे उघडले गेले. जग भरलेलाच राहिला.

मेश्राम माझ्याकडे बघत होता. राग नव्हता. एखादं मोजमाप जुळत नाही तेव्हा तो डबीकडे जसा बघायचा तसा बघत होता. "वर चल," जग उचलत म्हणाला.

वर आल्यावर त्याने मला खुर्चीत बसवलं. "डोळे मीट." वहिनींना काहीतरी खुणावलं. झाकण उघडल्याचा आवाज आला आणि माझ्या नाकाखाली काहीतरी आलं.

"काय आहे?"

मला काही आलं नाही. तरी मी म्हणालो, "कॉफी."

वहिनींचा आवाज आला, अगदी हळू. "भाऊजी, हिंग आहे हो."

मी डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या डोळ्यांनीच सगळं सांगितलं. कोविड, दूध, रविवार.

संपल्यावर मेश्राम विचारायला लागला. "सेरंगूनचा फ्रिज आणला तेव्हाचं केळं?"

"नव्हतं."

"पंखा बसवला तेव्हाचं?"

"नव्हतं."

"पुठ्ठा?"

"तो खरा. तो आधीचा."

"पहिली पावाची कड?"

"खरी."

"या खेपेची?"

मी नकाराची मान हलवली. मी डोळे उघडले तेव्हा तो बोटांवर काही मोजत नव्हता, पण ओठ हलत होते. डोक्यात रचलेल्या सगळ्या खेपा तो एकेक करून उलट उसवत होता. लिहिलेलं असतं तर खोडता आलं असतं. त्याला सगळं आठवत होतं, आणि त्यातलं किती फेकायचं ते मी त्याला आत्ता सांगत होतो.

"दोन्ही नाकं बंद," शेवटी तो म्हणाला. "म्हणजे तुझं अन् माझं सारखंच. मग तुला लागत काय होतं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? जीभ तर आहे. काय लागत होतं?"

तो उठला, जगमधली बिअर ग्लासात ओतली. मला वाटलं, माझ्यासाठी.

"अहो!" वहिनी ओरडल्या.

त्याने घोट घेतला. तोंडात फिरवला, मी फिरवायचो तसाच. गिळला. आम्ही दोघं त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"कडू," तो म्हणाला. "थंड. थोडं टोचते." आणखी वाट पाहिली. "बस?"

"बस," मी म्हणालो.

"एवढंच? एवढ्यातून तू केळं काढून राहिला होता?" त्याच्या आवाजात राग शोधला तर सापडला असता, पण त्याहून जास्त नवल होतं. एखाद्या यंत्राने वीज नसताना चालून दाखवावं तसं.

"माझ्यामुळे तुझं शील मोडलं," मी म्हणालो.

त्याने ग्लास धुतला, पालथा घातला आणि मग वळला. आता राग होता.

"हे पाय. खोटं बोलला ते तुझं. घोट मी घेतला, तो माझा. मला पाहायचं होतं, मी पाहिलं. माझं शील तुझ्या हातात कधी होतं बे, की तू ते मोडशील? मोडलं तर परत घेता येते. तुझं तू पाय." मग हात पुसत म्हणाला, "जा आता. मला बसू दे."

मी गेलो. जिन्याने गेलो. लिफ्टची वाट बघत त्या दारासमोर उभं राहवलं नसतं.

त्यानंतर तो मला एकदाच दिसला. मी सुट्टीवर पुण्याला जाऊन येईपर्यंत त्याच्या कंपनीने त्याला नागपूरच्या कामावर पाठवलं होतं. पण त्याआधी, पुढच्याच रविवारी सकाळी, मी बसस्टॉपवर गेलो तर ते दोघं तिथे होते. वहिनी पांढऱ्या साडीत, मेश्राम पांढऱ्या शर्टात, हातात फुलांची पिशवी. विहारात निघाले होते. परत फिरायचा विचार माझ्या मनात आला, पण वहिनींनी पाहिलं होतं.

मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"नाक कसं आहे?" मेश्रामने रस्त्याकडे बघत विचारलं.

"बरं आहे आता."

तोंडातून निघून गेलं. विचार न करता, जसं आपण सगळ्यांना सांगतो तसं. मेश्रामने मान वळवली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. नुसता थांबला.

"नाही," मी म्हणालो. "काही येत नाही. त्या फुलांचाही नाही. डॉक्टर म्हणाले, कदाचित येणारही नाही. मला भीती वाटते."

"हां," मेश्राम म्हणाला. "कशाची?"

बस आली होती. वहिनी चढल्या. तो पायरीवर एक पाय ठेवून उत्तरासाठी थांबला, मागच्या माणसाने "एक्सक्यूज मी, अंकल" म्हटलं तरी थांबला. मला शब्द जुळवता येईनात. त्याने मान हलवली, तिकिटाचं कार्ड यंत्राला टेकवलं आणि आत गेला. काचेतून मला दिसलं, तो वहिनींच्या शेजारी बसून त्यांना काही विचारत होता, आणि त्या माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या. काय, ते जाणून घ्यावंसं मला फार वाटलं. बस सुटली.